खांबावरच्या पन्हळी

नमस्कार श्रोतेहो. जुन्या ग्रीक मंदिरांच्या खांबांवर वरपासून खालपर्यंत गेलेल्या उभ्या, खोलगट खाचा तुम्ही निदान चित्रात तरी पाहिल्या असतील. या कोरीवकामाला इंग्रजीत ‘फ्लूटिंग’ म्हणतात. आज मी या खाचांना सरळ पन्हळी म्हणणार आहे.

अथेन्सचं पार्थेनॉन घ्या. इसवीसनापूर्वी ४४७ मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. बाहेरच्या प्रत्येक खांबावर २० पन्हळी. खांब वर निमुळता होत जातो, पन्हळी मात्र वीसच राहतात. म्हणजे प्रत्येक पन्हळ वर जाताना थोडी थोडी अरुंद करत न्यायची. त्यातून हे खांब एकावर एक रचलेल्या गोल दगडांचे. आधीच कोरलेले दगड चढवताना कडा फुटणार आणि रेषा चुकणार, म्हणून पन्हळींचं बहुतेक काम खांब उभा राहिल्यावरच होई. सिसिलीतल्या सेजेस्टाच्या मंदिराचं काम अर्धवट राहिलं. त्याच्या खांबांवर आजही पन्हळी नाहीत.

डोरिक आणि आयोनिक या ग्रीक खांबांच्या दोन शैली. पार्थेनॉनच्या डोरिक खांबात दोन पन्हळी धारदार कडेवर भेटतात. आयोनिक खांबात साधारण २४ पन्हळी असतात आणि दोघींच्या मधे एक चपटी पट्टी सोडलेली असते. ही पट्टी मला फार शहाणपणाची वाटते, कारण धारदार कड धक्क्यानं लवकर तुटते. रोमन काळात तर खांबाच्या खालच्या भागातल्या पन्हळी पुष्कळदा भरीव ठेवत, जणू प्रत्येकीत एक गोल दांडा बसवलाय. माणसांचा वावर खालीच असतो ना!

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? सावलीसाठी. गुळगुळीत खांब लांबून सपाट दिसतो. पन्हळी असल्या की उजेड-सावलीच्या उभ्या रेषा पडतात, खांबाची गोलाई दिसते आणि तो उंच भासतो.

पन्हळींनी खांब मजबूत होतो, असं मात्र समजू नका. तिथे दगड काढून टाकलेला असतो. मजबुती येते ती पातळ वस्तूला दुमडून पन्हळी पाडल्या तर. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन प्रदेशात अशी पन्हळीदार चिलखतं घडवत. त्यामुळे पातळ पत्राही सहजी वाकत नसे. ड्रिलच्या पात्यावरच्या पिळदार खाचांनाही फ्लूटच म्हणतात, पण त्यांचं काम वेगळं: भोक पाडताना निघणारा कीस त्यांच्यातून बाहेर येतो.

पुठ्ठ्याच्या खोक्याची कड जवळून बघा. दोन सपाट कागदांच्या मधे एक नागमोडी कागद दिसेल. कागद कारखान्यात त्याचंही नाव फ्लूटिंग. खोक्याच्या बाजूंमध्ये या पन्हळी सहसा उभ्या ठेवतात, कारण खोकी एकावर एक रचली की सगळा भार त्यांनाच पेलायचा असतो.