नाताळ, ब्रास आणि एक नारिंगी गिटार

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळची गाणी म्हटली की आपल्याला चर्चमधला क्वायर आठवतो, नाहीतर दुकानातून कानावर येणारं 'जिंगल बेल्स'. अमेरिकेत ब्रायन सेट्झर नावाचा गिटारवादक हीच गाणी सतरा-अठरा जणांचा ताफा घेऊन वाजवायचा, आणि ती ऐकताना पाय जागेवर राहत नाहीत.

सेट्झर वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. १९७९मध्ये 'स्ट्रे कॅट्स' हा तिघांचा बँड उभा राहिला आणि त्यानं रॉकबिली पुन्हा चलनात आणलं. रॉकबिली म्हणजे गोऱ्यांचं कंट्री आणि काळ्यांचं ब्लूज यांचा दक्षिणेतला संकर. एल्व्हिस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड १९५४ साली मेंफिसच्या सन स्टुडिओत झाली, तिच्यात ड्रम नव्हतेच. मग ठेका धरायचा कोणी? एल्व्हिसचा साथीदार बिल ब्लॅक आपल्या माणसाएवढ्या उंच बासची, म्हणजे खर्जातल्या तंतुवाद्याची, तार बोटानं ओढून सोडून द्यायचा. ती लाकडी पट्टीवर आपटली की 'टक्'! सूरही तोच, ठेकाही तोच.

बिग बँड म्हणजे जॅझ वाजवणारा मोठा ताफा. त्याचा कारभार अगदी उलटा. पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, आणि बहुतेक सगळं आधी कागदावर उतरवलेलं. तिथं गिटार मागच्या रांगेत. काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन पन्नास वर्षं ॲम्प्लिफायरशिवाय वाजवत बसला. त्याची गिटार नसती तर चुकचुकल्यासारखं झालं असतं, पण ती वेगळी अशी ऐकू यायची नाही. सेट्झरनं नव्वदच्या दशकात आपली नारिंगी ग्रेच गिटार थेट पुढं आणली आणि सगळा ब्रास, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोनचा ताफा, तिच्या पाठीशी उभा केला. 'बूगी वूगी ख्रिसमस' हा सेट्झर आणि त्याच्या ताफ्याचा नाताळचा अल्बम २००२चा. त्यानंतर वर्षानुवर्षं डिसेंबरात त्यांचे दौरे रंगले.

ही गाणीच या बाजाला इतकी का मानवली? चाल सगळ्यांना पाठ असते म्हणून. ओळखीचा अभंग गवई घेतो तेव्हा आपण शब्दांची वाट बघत नाही, तो काय करतो तिकडे कान लावतो. तसंच हे. एक मात्रा घ्या, तिचे तीन भाग करा. पहिल्या सुराला दोन द्या, दुसऱ्याला एक. सरळ चालणारं 'जिंगल बेल्स' लगेच झुलायला लागतं. स्विंग स्विंग म्हणतात ते बरंचसं हेच.

त्या अल्बममधली माझी आवडती चीज मात्र गाणं नाहीच, रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या 'नटक्रॅकर' बॅलेतल्या सुरावटी आहेत. १८९२ साली सेंट पीटर्सबर्गला रंगमंचावर आलेलं हे संगीत फ्रँक कॉमस्टॉक यांनी पूर्वी लेस ब्राउनच्या बँडसाठी बांधलं होतं. सेट्झरनं तीच बांधणी उचलली आणि त्यात गिटार सोडली. नाजूक पावलांसाठी लिहिलेलं ट्रॉम्बोन दामटून वाजवतात, तरी मूळ चालीला कुठं ओरखडा येत नाही.

आपल्या कानांना हा बाज परका नाही बरं का. सी. रामचंद्रांचं १९५१च्या 'अलबेला'तलं संगीत आठवा. त्यांच्या साथीला ट्रंपेटवाला चिक चॉकलेट होता, मुंबईच्या हॉटेलांत जॅझ गाजवणारा गोवेकर. भगवानदादांची पावलं याच झुलत्या ठेक्यावर पडायची.

एक तक्रार आहे. अख्खा अल्बम एका दमात ऐकवत नाही. ब्रास उसंत देत नाही, आणि काही नाताळगीतं मुळात शांतच बरी. त्यांना कशाला नाचवायचं? म्हणून दोन-तीनच निवडा. 'नटक्रॅकर' लावाल तेव्हा पहिल्यांदा ट्रंपेट ऐका, दुसऱ्यांदा फक्त बास. हेडफोन असेल तर उत्तम. नमस्कार.