नऊ अधिक आठ, बरोबर एक-एक

(दृश्य : किटच्या कळा अगदी जवळून. सुरुवातीला फक्त कळांचा आवाज.)

नेक्स्ट. दोन, तीन. नेक्स्ट. आठ, सहा. नेक्स्ट.

ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयाची ही लॅब. बारावी सायन्सचा वर्ग, विषय कॉम्प्युटर सायन्स. पण या टेबलावर कॉम्प्युटर शोधू नका. इथे किट आहे, म्हणजे वहीएवढी एक उघडी पाटी, वर लाल आकड्यांची सहा घरं. डावीकडच्या चार घरांत मेमरीतला पत्ता, उजवीकडच्या दोन घरांत त्या पत्त्यावर ठेवलेला आकडा. आणि ही ४० पायांची काळी चिप. इंटेल ८०८५, जन्म १९७६.

(दृश्य : जर्नलचं पान, पेन्सिलीने काढलेला फ्लोचार्ट.)

आजचं काम : दोन आकड्यांची बेरीज. इथे आकडे सोळा : शून्य ते नऊ, मग ए ते एफ. सी००० या पत्त्यावर नऊ, सी००१ वर आठ. उत्तर सी००२ वर हवंय.

चिपला हुकूमही आकड्यांतच द्यायचे. २१ म्हणजे पत्ता धर. कुठला, तर सी०००. पण भरायचा उलटा : आधी ००, मग सी०. या चिपला शेपूट आधी लागतं, डोकं नंतर. दरवर्षी अर्धा वर्ग इथेच अडतो. मग ७ई, तिथला आकडा उचल. २३, एक घर पुढे सरक. ८६, तिथला आकडा मिळव. पुन्हा २३. ७७, आलेली बेरीज इथे ठेव. ७६, थांब.

झाला प्रोग्रॅम. नऊ बाइट, म्हणजे दोन-दोन आकड्यांच्या नऊ जोड्या.

(दृश्य : मुलगा सी००२ उघडतो. लाल घरांत ११.)

“मॅडम, चुकलं. अकरा आलंय.”

“अकरा नाही रे, एक-एक म्हण. डावीकडचा एक म्हणजे सोळा. वर एक. किती झाले?”

(इथे निवेदन नाही. मुलाचा चेहरा.)

पाचवीपासून कॉम्प्युटरचा तास असतो म्हणे. चित्र रंगवा, तक्ता भरा, फाइल सेव्ह करा. पण बेरीज नेमकी कुठे होते, कुठला आकडा कुठून कुठे जातो, हे बोटाने करून बघायची ही पहिलीच वेळ. किटला झाकणच नाही, त्यामुळे लपवाछपवीही नाही.

मध्येच एक गोंधळ झाला, तोही आमच्यामुळेच. लाइट लावताना आमच्या माणसाने भलताच प्लग उपसला आणि एका मुलीचं किट विझलं. परत चालू केलं तर भरलेलं सगळं गायब. “काका, माझं ब्लॉक ट्रान्सफर होतं हो!” म्हणजे आकड्यांचा अख्खा गठ्ठा एका जागेवरून दुसरीकडे नेणारा प्रोग्रॅम. कॅमेरा चालू होता, म्हणून हे तुम्हाला दिसतंय.

(दृश्य : दुसरी लॅब. कॉम्प्युटरचे निळे स्क्रीन, त्यांवर सी++ ही प्रोग्रॅमची भाषा.)

विषय एकूण २०० गुणांचा. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++, एचटीएमएल. दुसऱ्यात ही चिप, तिची भावंडं आणि नेटवर्किंग. दोन्ही लेखी पेपर ५०-५० गुणांचे, तेवढीच प्रात्यक्षिकं. बायफोकल म्हणतात याला. हा घेतला की दुसरी भाषा सुटते, बहुतेकांची बायोलॉजीही सुटते. घरोघरी अकरावीच्या प्रवेशाला वाद होतो तो यावरूनच. बायो सोडलं की डॉक्टरकीचा रस्ता बंद, असं आई म्हणते. आणि पोरगं म्हणतं, बेडूक नको.

(दृश्य : ट्रान्स-हार्बर लोकल, ठाण्याहून सुटताना. नंतर ऐरोली, रबाळे, महापे.)

ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून गाडी सुटली की खाडीपलीकडे एमआयडीसी लागते. जिथे कारखान्यांची धुराडी होती तिथे आता खिडक्या नसलेल्या उंच इमारती, डेटा सेंटर : माहिती साठवणाऱ्या कॉम्प्युटरांची घरं. वर्गातली काही मुलं याच गाडीने घणसोली, कोपरखैरणेला घरी जातात. आत चित्रीकरणाला परवानगी नव्हती, तेव्हा कुंपण बघा.

“पन्नास वर्षांपूर्वीची चिप काय शिकवता?” हा प्रश्न मॅडमना पालकसभेत दरवर्षी येतो. त्या उत्तर देत नाहीत, पालकालाच किटसमोर बसवतात. आम्हीही बसलो. दुसऱ्या खेपेला जमलं.

(दृश्य : वाशी, बोर्डाच्या विभागीय कार्यालयाची पाटी.)

गुण इथून येतील. इंजिनिअरिंगच्या सीईटीत मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स एवढंच विचारतात. म्हणून दिवाळीनंतर या लॅबमधली गर्दी पातळ होते आणि क्लासची वाढते.

(दृश्य : पुन्हा लॅब. खिडकीत संध्याकाळ.)

प्लग गेलेली मुलगी थांबली आहे. प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक येतील, तेव्हा हे न बघता यायला हवं. जर्नल तिने पालथं घातलंय. ‘बी’ दाबला की ६ सारखा दिसतो. डोक्यावर आडवी रेघ असली तर सहा, नसली तर बी. ती वाकून बघते.

बी आहे.

नेक्स्ट.