मे महिन्याचं पान

कंपनीचं कॅलेंडर म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला प्रकार आहे बघा, जानेवारीत बर्फाचे डोंगर, मे मध्ये स्वित्झर्लंडचं तळं, आणि खाली बारीक अक्षरात पत्ता, मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा. आता मकरपुऱ्यात मे महिना कसा असतो ते तिथे भर दुपारी स्कूटर चालवणाऱ्याला विचारा. तर इथल्याच एका कंपनीला वाटलं की आपलं कॅलेंडर आपल्या बडोद्याच्या आसपासचं असावं, आणि ज्या महिन्याचं पान त्याच महिन्यातला फोटो.

ऐकायला सोपं वाटतं. पण कॅलेंडर छापायला जातं दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे पुढच्या जुलैत भिंतीवर पाऊस हवा असेल तर तो यंदाच्या जुलैतच टिपायला लागतो, आणि तेव्हा कंपनीत कोणाच्या डोक्यात कॅलेंडर नसतंच, मीटिंग होते ऑक्टोबरात आणि मग म्हणतात बाराही महिने द्या! म्हणून तर ती स्वित्झर्लंडची तळी येतात. इथे काम जानेवारीतच सुरू केलं.

(दृश्य: वढवाणा तलाव, सकाळ)

हा डभोईजवळचा वढवाणा. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, आणि २०२१ मध्ये थेट रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत. हिवाळ्यात इथे पट्टकादंब येतात, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले हंस, मध्य आशियातून हिमालय ओलांडून. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याला इथे काय हवं असतं, तर मोठी लेन्स लावून हंसाचा डोळा एकदम शार्प. कॅलेंडरला नेमकं उलटं लागतं. हंस खाली, लहान, आणि वर भरपूर मोकळं आकाश, कारण तिथे लोगो बसणार. शिवाय फ्रेम उभी. तेरा बाय एकोणीस इंचाचं पूर्ण पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापायचं तर जवळजवळ २२ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा पुरतो, पण आडवा फोटो काढून नंतर उभा कापलात तर अर्ध्याहून जास्त फोटो गेला.

(दृश्य: जांबुघोडा, पळस)

फाल्गुनात जांबुघोड्याच्या जंगलातला पळस. हा फोटो स्क्रीनवर पेटल्यासारखा दिसतो आणि प्रेसमध्ये गेला की विझतो. स्क्रीनचा रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा, आणि ऑफसेट छपाईच्या चार शायांत, निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी, हा केशरी पूर्ण उतरतच नाही. प्रिंटरकाकांनी प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुना पानावर, भिंग धरलं आणि दाखवलं, मॅजेंटा आणि पिवळ्या ठिपक्यांमध्ये बारीक निळसर ठिपके होते. "हा सायन राहिलाय ना, म्हणून तुझा पळस विटकरी झालाय, काढून टाक." पाकळ्यांमधला सायन पुसला आणि फरक दिसला, स्क्रीनइतका नाही पण पळस म्हणण्यासारखा.

(दृश्य: पावागढ, ढग)

जुलै पावागढचा. सपाट जमिनीतून एकटाच आठशे मीटरच्या आसपास उठलेला डोंगर, त्यामुळे ढग त्यालाच अडतात. खाली चांपानेरच्या जामी मशिदीचे मिनार, २००४ पासून हा सगळा परिसर जागतिक वारशात. एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, मग पुसत बसू नका, थांबा, आपोआप जाते.

डिसेंबरला विश्वामित्रीची मगर सुचवली होती. थंडीत ऊन खायला काठावर येतात, शहराच्या ऐन मध्ये, अशी नदी आहे कोणाकडे? कंपनीचे साहेब म्हणाले, "फोटो छान आहे हो, पण डीलरच्या दुकानात मगर कशी टांगायची?" गेली मगर. माझं मत विचाराल तर तेच पान लोकांनी लक्षात ठेवलं असतं.

तसं कॅलेंडर आणि बडोदा हे नातं जुनंच. सयाजीरावांनी राजा रवि वर्म्यांकडून पौराणिक चित्रं काढून घेतली, पुढे १८९४ मध्ये रवि वर्म्यांनी मुंबईत प्रेस काढला, आणि छापील चित्रं घराघरांत टांगली जायला लागली, देवादिकांच्या कॅलेंडरची परंपरा तिथूनच वाढली.

(दृश्य: सयाजीबाग, बहावा)

राहिला मे. पारा चाळिशीच्या वर, गवत जळलेलं, आकाश नऊ वाजताच पांढरंफटक. सगळे म्हणाले इथे तरी एखादं थंड हवेचं ठिकाण टाका. पण मे मध्ये बडोद्यात बहावा असतो ना! सयाजीबागेत, १८७९ सालची ही बाग, सकाळी सात-साडेसातला जा, उन्हाची तिरीप मागून आली की पिवळे घोस आतून पेटतात, आणि आठनंतर तेच चपटे दिसायला लागतात. एकच घोस घेतला, मागे झाडाची काळपट सावली, तारखांना खाली जागा.

प्रूफ काढताना याच पानाचा धसका होता, पळसाचं झालं तसं होईल म्हणून. काका हसले. "अरे, पिवळी शाई डब्यातच आहे, तिच्यात मिसळायचं काय?" मेचं पान सगळ्यात आधी मशीनवर चढलं.