भाच्याचं राज्य आणि पाच जणींची मतं

नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात माझ्याकडं एक राज्य आलं. आलं म्हणजे भाच्यानं आणून टाकलं, वहीची चार पानं, वर चहाचा डाग.

झालं असं की आमच्या गल्लीतलं तालीम मंडळ गणपतीत दरवर्षी सजीव देखावा करतं, यंदा पोरांनी ठरवलं एकांकिका करायची, आणि तीही काल्पनिक राज्याची, म्हणजे कुणाच्या भावना दुखवायला नकोत. गोष्ट अशी की तिथं राजा जन्मानं होत नाही, मतानं होतो. डायलॉग झकास लिहिलेत पोरानं, लढाई आहे, दगाफटका आहे, शेवटी स्टेजवर धूर पण आहे, फक्त राजा निवडतात कसा तेवढंच लिहायचं राहिलं होतं. त्या जागी नुसतं "इथं निवडणूक". मला म्हणतो, "आत्ती, तू एवढी वर्षं इतिहास शिकवलास, नियम तेवढे तू लिही की गं."

मी म्हटलं त्यात काय, अर्ध्या तासाचं काम. तीन आठवडे झाले आज.

पहिलाच प्रश्न, मत कुणाला द्यायचं? भाचा म्हणाला सगळ्या रयतेला. मी म्हटलं मग तो राजा कसला, तो सरपंच झाला. जगात जिथं जिथं राजा निवडायची रीत होती तिथं बहुतेक करून मत देणारे मोजके. जर्मनांच्या सम्राटाचं बघा, १३५६ ला सोन्याची मोहर लावलेलं एक फर्मान निघालं, त्यात मतदार सातच, तीन आर्चबिशप आणि चार राजेरजवाडे, आणि अट काय तर ३० दिवसांत निवड झाली नाही तर पुढं त्या सातांना फक्त पाव आणि पाणी मिळणार, निवडल्याशिवाय शहर सोडायचं नाही. हे ऐकून भाचा उडालाच, म्हणाला हे घ्यायचंच, पाव नको, भाकरी-पाणी करूया. घेतलं.

पण खरी मजा पोलंडची आहे, तिथं मी जरा जास्तच रमले. १५७२ ला तिथला राजा मुलगा नसताना वारला, घराणंच संपलं. मग उमराव लोक घोड्यावर बसून वॉर्सॉजवळच्या माळावर जमले आणि १५७३ ला त्यांनी चक्क फ्रान्सचा राजपुत्र निवडला, हेन्री, वय २२ च्या आसपास. निवडला पण आधी कागदावर कबूल करून घेतलं, की गादी वारसानं जाणार नाही, तुमच्यानंतर परत निवडणूक, लढाई करायची तर आम्हाला विचारून, दर दोन वर्षांनी सभा बोलवायची, आणि शब्द मोडलात तर आम्ही तुमचं ऐकायला बांधील नाही. बघा, राजा नेमताना त्याच्याकडून बाँड लिहून घेतलाय!

मेलेल्या राजाची एक बहीण होती, ॲना, पन्नाशीला टेकलेली. नव्या राजानं तिच्याशी लग्न करावं अशी लोकांची अपेक्षा, आणि हा गडी आज करतो उद्या करतो करत टाळत बसलेला. पुढच्या वर्षी तिकडं फ्रान्समध्ये त्याचा भाऊ वारला, फ्रान्सची गादी रिकामी झाली, आणि १५७४ च्या जूनमध्ये एका रात्री हे महाराज क्राकोच्या राजवाड्यातनं गुपचूप निघून गेले. पळाले हो! सरदार मागनं घोडे दामटत गेले, उपयोग काही झाला नाही. राज्य करून झालं किती, तर जेमतेम चार-पाच महिने.

मग १५७५ ला त्या उमरावांनी काय करावं, तर ॲनालाच निवडलं, आणि ट्रान्सिल्व्हेनियाच्या एका राजपुत्राला सांगितलं की हिच्याशी लग्न करा आणि राज्य करा. पुढचा राजा कोण, तर ॲनाच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे तिचा भाचा (हे मी आमच्या भाच्याला मुद्दाम दोनदा सांगितलं). आणि त्याच्यानंतर कोण, त्याचा मुलगा. मग दुसरा मुलगा. प्रत्येक वेळी निवडणूक झाली बरं का, रीतसर.

इथं भाचा थांबला. "मग आत्ती निवडणुकीचा उपयोग काय, घरातलाच बसतोय की."

मी म्हटलं, बाबा, तू कोल्हापुरात राहतोस आणि हे मला विचारतोस? कारखान्याच्या निवडणुका बघितल्यास ना. पॅनल पडतात, सभासद उन्हात रांगा लावतात, मतं खरी असतात, गुलाल खरा असतो, आणि निकालानंतर चेअरमनच्या केबिनवरची पाटी बदलते तेव्हा आडनाव तेच, कालचं पहिलं नाव आज मधलं झालेलं असतं. मत कुणी दिलं ह्याला फार किंमत नाही, यादीत नावं कुणी घातली ह्याला आहे. तुझ्या राज्यात पण हेच होणार, तू लिही किंवा नको लिहूस.

बरं, परदेशातलंच कशाला, आपल्या कोल्हापूरच्या गादीचं काय? आपण म्हणतो गादी वंशपरंपरेनं. आता माझ्याबरोबर बोटं मोजा. १७६० ला पन्हाळ्याचे संभाजी महाराज, म्हणजे शिवरायांचे नातू, निपुत्रिक गेले, १७६२ ला त्यांच्या जिजाबाई राणीसाहेबांनी खानवटच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला. १८६६ ला परत वारस नाही, पाटणकरांच्या घरातला मुलगा आणला, ते राजाराम महाराज, विलायतेहून परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला १८७० ला गेले, विशीत, तिथं आर्नो नदीच्या काठी त्यांचं स्मारक आहे आणि जवळच्या पुलाला तिथले लोक अजून त्या भारतीयाचा पूल म्हणतात. १८७१ ला परत दत्तक, शिवाजी महाराज, ते १८८३ ला नगरला गेले, त्या मरणाबद्दल बोलायचं तर वेगळा कार्यक्रम लागेल. आणि मग १७ मार्च १८८४, कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव, वय १० वर्षाला थोडं कमी, आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतला आणि त्याचं नाव ठेवलं शाहू. आपले शाहू महाराज, ज्यांच्या नावानं आपण ऊर भरून बोलतो, ते लागोपाठचे तिसरे दत्तक!

म्हणजे ही निवडच ना हो? रक्ताचं नाव पुढं, आणि मागं बसून कुणीतरी पोरं बघतंय, कुठल्या घरातला, वय किती, तब्येत कशी, इंग्रज हो म्हणतील का. इंग्रजांचं हो म्हणणं साधं नव्हतं, १८४८ ला साताऱ्याचं दत्तक त्यांनी मान्य केलं नाही आणि अख्खं राज्य खालसा करून टाकलं. आणि यादीचं म्हणाल तर यशवंतरावांचे वडील आबासाहेब घाटगे त्या वेळी कोल्हापूरचे रीजंटच होते, म्हणजे राजाच्या वतीनं कारभार बघणारे. मी वाईट अर्थानं म्हणत नाही, निवड सोन्यासारखी निघाली, पण यादी यादी म्हणतात ती ही.

माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकतो. दहा वर्षांचं पोर सकाळी यशवंत म्हणून उठतं आणि दिवस मावळताना त्याला शाहू म्हणून हाक मारतात. गोत्र बदललं, आडनाव बदललं, जी आई झाली ती स्वतः विधवा. पहिल्या हाकेला त्यानं वळून बघितलं असेल का, की शेजारच्या कुणाला बोलावतायत वाटलं असेल? असो.

पुढं १९४० ला शाहू महाराजांचे चिरंजीव, तेही राजाराम महाराजच, मुलगा नसताना गेले, त्यांच्या ताराबाई राणीसाहेबांनी तान्हं मूल दत्तक घेतलं, ते पाच वर्षांचं व्हायच्या आत १९४६ ला गेलं. मग १९४७ ला देवासचे राजे विक्रमसिंह पवार इकडं आले, शाहू महाराजांच्या मुलीचा मुलगा, तिकडची गादी स्वतःच्या मुलाला देऊन इकडं शहाजी महाराज झाले. पोलंडच्या हेन्रीसारखंच एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात, फक्त रात्री पळून नाही, दिवसाढवळ्या. आणि १९६२ ला परत दत्तक, परत मुलीचा मुलगा. म्हणजे १७६२ ते १९६२, बरोबर २०० वर्षं. राज्य तर १९४९ लाच मुंबई प्रांतात विलीन झालेलं, तरी दत्तक झालंच. त्या १९६२ च्या दत्तकाचं नाव शाहू, आणि २०२४ ला तेच शाहू महाराज लोकसभेला उभं राहून मतांनी निवडून आले. भाचा म्हणाला, "आत्ती, मग आमचं नाटक काल्पनिक कुठं राहिलं?"

ह्या सगळ्यात मला जे दिसलं ते मी त्याच्या वहीत उतरवलं. जिजाबाई, आनंदीबाई, ताराबाई. गादीवर बाई बसायची नाही, पण गादीवर कोण बसणार त्यावर शिक्का बाईचा. त्यातून मलेशियातल्या नेगरी सेंबिलान नावाच्या संस्थानाचं वाचलं होतं, तिथं चार सरदार मिळून राजघराण्यातला एक जण राजा निवडतात आणि ते चौघं स्वतः कधी राजा होऊ शकत नाहीत. ज्याला बसायचंय त्यानं मत द्यायचं नाही, ज्यानं मत द्यायचं त्यानं बसायचं नाही! मला हे फार पटलं.

म्हणून आमच्या राज्याचा नियम असा केला. राजघराण्याच्या पाच पाती, म्हणजे शाखा, राजा ह्या पाचांतलाच. मत देणार पाच जणी, प्रत्येक पातीतली थोरली सून. सूनच का, तर ती बाहेरच्या घरातनं आलेली, रक्ताची नाही, गादीवर बसू शकत नाही. भाचा लगेच, "आणि आपल्याच पोराला मत दिलं तर?" बरोबर आहे पोराचं. म्हणून अट, स्वतःच्या पातीचं नाव आलं की त्या बाईनं उठून परड्यात जायचं, उरलेल्या चौघींपैकी तिघी हो म्हणाल्या तर राजा. मत कसं द्यायचं तर प्रत्येकीला एक सुपारी आणि एक हळकुंड, पदराआड हात घालून एक कळशीत टाकायचं, उरलेलं दुसऱ्या कळशीत. सुपारी म्हणजे हो, हळकुंड म्हणजे नाही. हे पण अर्धं मलेशियाचंच आहे, तिथं देशाचा राजा निवडताना सगळे संस्थानिक एकाच पेनानं, एकाच शाईनं मतपत्रिकेवर खूण करतात, पत्रिकेवर नंबर नसतो आणि मोजून झालं की त्या नष्ट करतात, कुणाचं मत कुणाला ते कळायलाच नको.

मग ट्रायल घ्यायचं ठरलं. आमच्या भिशीच्या चौघी आणि मी पाचवी, स्वयंपाकघरात, दोन कळशा टेबलावर. उमेदवार म्हणून तालमीतली पाच पोरं बाहेर कट्ट्यावर. पहिलं नाव घेतलं, कळशी पालथी केली, तीन हळकुंडं. दुसरं नाव, चार हळकुंडं. तिसरं, चौथं, पाचवं, एकालाही तीन सुपाऱ्या नाहीत. भाचा दारातनं बघतोय, तोंड एवढंसं. मी म्हटलं अगं कुणाला तरी करा राजा, तर एक जण म्हणाली ह्या पोरांना मी लहानपणापासनं बघतेय, एकाच्या पण हातात गॅसची टाकी द्यायची नाही, राज्य कुठलं देतेस?

आता नियमाप्रमाणं भाकरी-पाणी लागू. मी गंभीर आवाजात वाचून दाखवलं, निवड होईपर्यंत मतदारांना फक्त भाकरी आणि पाणी. सगळ्या गप्प. मग शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आणि भाकरी थापणार कोण?"

हे त्या १३५६ च्या फर्मानात कुठंच नाही हो. पुरुषांनी लिहिलं की असंच होणार. शेवटी नियमात दुरुस्ती केली, निवड लांबली तर भाकरी उमेदवारांनी थापायची. दुसऱ्या फेरीत पोरं स्वतः परातीपुढं बसली, पीठ कमी आणि पाणी जास्त, तव्यावर गेलं ते भाकरी नव्हतं आणि धिरडं पण नव्हतं, पण एकाला बऱ्यापैकी जमलं, गोल झाली, फुगली सुद्धा, आणि त्याला चारही सुपाऱ्या पडल्या. झाला राजा. फेटा बांधला, फोटो निघाला, स्टेटसला लागला, तालमी सुरू झाल्या.

हे सगळं मी तुम्हाला आनंदानं सांगून निरोप घेणार होते, पण काल रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. राजाला पुण्यात नोकरी लागली, आजपासनं जॉइनिंग, कुणाला न सांगता संध्याकाळच्या गाडीनं गेला, फेटा कपाटावर ठेवून. ग्रुपवर नुसतं "सॉरी भावांनो" टाकलंय.

रविवारी संध्याकाळी परत मतदान आहे. पीठ मी आणून ठेवलंय, दोन किलो.