बर्ट ट्राउटमान: शत्रूच्या गावातला गोलकीपर

5 मे 1956. लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना. मँचेस्टर सिटी 3, बर्मिंगहॅम सिटी 1. खेळ संपायला उरलीत साधारण 17 मिनिटं. बर्मिंगहॅमचा पीटर मर्फी चेंडूवर धावून येतो आणि सिटीचा गोलकीपर बर्ट ट्राउटमान थेट त्याच्या पायांत झेप घेतो. चेंडू हाती लागतो, पण मर्फीचा गुडघा मानेवर बसतो.

तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे. ट्राउटमान उठतो, झोकांड्या खातो, हाताने मान धरतो आणि पुन्हा गोलसमोर उभा राहतो. नुसता उभा नाही, झेपाही घेतो! मान तिरकी झालीय, हे पदक देताना प्रिन्स फिलिप यांच्याही लक्षात येतं. काही दिवसांनी एक्स-रे काढल्यावर कळलं, पाच मणके सरकलेत आणि दुसऱ्याचे चक्क दोन तुकडे झालेत. तिसरा मणका पाचरीसारखा अडकून बसला होता, म्हणून जीव वाचला.

ही मान जगभर गाजली. मला मात्र त्याआधी सात वर्षांपूर्वीचा ट्राउटमान जास्त अस्वस्थ करतो.

जन्म 1923चा, जर्मनीतल्या ब्रेमेनचा. कोवळ्या वयात हिटलरच्या हवाई दलात भरती, मग छत्रीधारी सैनिक. रशियन आघाडीवर तीन वर्षं काढली, आयर्न क्रॉस हे जर्मन शौर्यपदक मिळवलं. शेवटी ब्रिटिशांच्या हाती लागला आणि लँकेशायरच्या युद्धकैद्यांच्या छावणीत आला. तिथल्या एका सामन्यात दुखापत झाली, म्हणून गोलकीपरशी जागा बदलली. ती जागा पुढे सुटलीच नाही. आपलं खरं शिक्षण इंग्लंडमध्ये आल्यावर सुरू झालं, असं तो सांगायचा.

1949मध्ये सिटीने त्याला घेतलं आणि मँचेस्टर पेटलं. सुमारे 20,000 माणसं निषेधाला रस्त्यावर उतरली. त्यांचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. जर्मन बॉम्बनी घरं पाडलेलं हे गाव. घराघरांत कुणी ना कुणी गमावलेलं.

अशा वेळी एक पत्र छापून आलं. लिहिणारे होते रब्बी अलेक्झांडर आल्टमान, 1938मध्ये नाझींच्या जर्मनीतून निसटून मँचेस्टरला आलेले ज्यू धर्मगुरू. त्यांचं सांगणं एवढंच: इतरांच्या गुन्ह्यांची शिक्षा या एकट्या माणसाला देऊ नका. ज्याला राग धरायचा सर्वांत जास्त हक्क होता, त्यानेच हे लिहावं! हळूहळू विरोध निवळला.

जानेवारी 1950मध्ये लंडनला फुलहॅमविरुद्ध खेळताना प्रेक्षकांनी त्याला शिव्या घातल्या. सिटी हरली, पण फक्त 1-0ने, कारण गोलमध्ये तो होता. शिट्टी झाली तेव्हा तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सिटीकडून तो 545 सामने खेळला. 1956च्या त्या विजयानंतर थोड्याच दिवसांत त्याचा पाच वर्षांचा मुलगा मोटार अपघातात गेला. हे दुःख मानेपेक्षा खोल होतं.

निवृत्तीनंतर तो प्रशिक्षक झाला. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने त्याला ब्रह्मदेशात पाठवलं, नंतर टांझानिया, लायबेरिया, पाकिस्तान, येमेन. जिथे फुटबॉलची घडी बसलेली नव्हती, तिथे जाऊन तो पोरांना शिकवत राहिला. 2004मध्ये ब्रिटनने त्याला ओबीई हा किताब दिला. 19 जुलै 2013 रोजी, वयाच्या 89व्या वर्षी, स्पेनमधल्या घरी तो गेला.