मिरी खाऊन रडणारी कुत्री

नमस्कार मंडळी,

मध्ययुगीन स्पॅनिश साहित्यात बाईला पशुपक्ष्यांच्या उपमा पावलोपावली भेटतात. हुआन रुइझच्या 14व्या शतकातल्या 'लिब्रो दे बुएन आमोर' या काव्यात दोन्या एन्द्रिना चौकातून येते, तेव्हा कवी तिच्या बगळ्यासारख्या उंच मानेवर लुब्ध होतो. त्याच काव्यात ताब्लादाच्या खिंडीतली राकट गुराखीण भेटते. तिचे कान वर्षाच्या शिंगरू-गाढवापेक्षा मोठे, पावलाचा ठसा अस्वलिणीहून मोठा! घरंदाज बाईला पक्षी, कष्टकरी बाईला जनावर. मला हे खटकतं.

पण आज मला सांगायचीय ती 'सेंदेबार'मधली गोष्ट. स्पेनमधल्या कास्तिलचा राजा दहावा आल्फोन्सो याचा भाऊ फाद्रिके याने 1253 मध्ये हा कथासंग्रह अरबीतून कास्तिलियन, म्हणजे जुन्या स्पॅनिश भाषेत आणवला. बायका कशा फसव्या, हे कथेतल्या एका राजाला पटवण्यासाठी त्याचे मंत्री त्यात गोष्टी सांगतात.

नवरा प्रवासाला गेलेला. नवरा-बायकोने एकमेकांना एकनिष्ठ राहण्याच्या शपथा दिलेल्या. रस्त्यातल्या एकाची तिच्यावर नजर पडते, ती दाद देत नाही, म्हणून तो एका म्हातारीला गाठतो. म्हातारी कणकेत भरपूर मिरपूड घालून भाकरी भाजते आणि एका कुत्रीला खाऊ घालते. कुत्री डोळे गाळत तिच्या मागोमाग त्या घरी जाते. ही का रडते, असं बाई विचारते. म्हातारी म्हणते, ही एक देखणी बाई होती हो. प्रेम करणाऱ्याला झिडकारलं, त्याने शाप दिला, झाली कुत्री.

बाई घाबरते आणि कबूल होते. मंत्र्याला यात बाईचं कपट दिसतं. मला दिसते ती धाकाने मोडलेली शपथ. 'नाही' म्हणणारी बाई कुत्री होते, ही भीती म्हातारीने मिरपुडीच्या जोरावर तिच्या डोळ्यांसमोर उभी केली.

पुढे म्हातारीला तो माणूस सापडत नाही. ती वाटेत भेटेल त्याला घेऊन येते, तर तो नेमका नवराच! बाई क्षणात सावरते, त्याचे केस धरते आणि त्यालाच बेइमान ठरवते.

हीच रडणारी कुत्री संस्कृत 'शुकसप्तती'तही आहे. तिथे शापाऐवजी मागच्या जन्मीचं कारण येतं: प्रियकरांना दूर ठेवलं म्हणून कुत्रीचा जन्म. आपल्याकडे ही पोपटाची गोष्टमाला 'शुकबहात्तरी' म्हणून मराठीत आली. मिळाली तर 'सेंदेबार'शेजारी ठेवून जरूर वाचा, आणि प्रत्येक गोष्ट कोण कोणाला सांगतंय याकडे लक्ष द्या.