बुधकौशिक ऋषी आणि आपली घाई

नमस्कार श्रोतेहो.

दिवेलागणीला नागपुरातल्या महाल भागात किंवा धंतोलीत एखाद्या जुन्या घरावरून जा, खिडकीतून रामरक्षा ऐकू येईल. आणि बहुतेक ठिकाणी तिची सुरुवात पळतच होते. 'अस्य श्रीरामरक्षास्तोत्रमंत्रस्य बुधकौशिक ऋषिः' इथपासून 'जपे विनियोगः' पर्यंतचा भाग एका दमात उरकायचा आणि 'ध्यायेदाजानुबाहुं'पाशी श्वास घ्यायचा, अशी पद्धतच पडली आहे. म्हणणाऱ्याला विचारलं, हे बुधकौशिक कोण हो? तर उत्तर येतं, "बाप्पा, ते कोणाले ठाऊक! आजीनं शिकवली तशी म्हणून राहिलो."

या उत्तरात खोट नाही. उलट, आजीकडून आलेलं जसंच्या तसं जपणं हीसुद्धा निष्ठाच. माझी अडचण पुढच्या वाक्याशी आहे. अलीकडे ते फार ऐकू येतं, की अर्थ कळायची गरजच नाही, मंत्राचं सगळं सामर्थ्य ध्वनीत आहे. जन्मभर संस्कृत शिकवल्यामुळे असेल, पण हे वाक्य ऐकलं की मी वाद घालायला बसतो.

हा वाद माझा नाही, बरं का. दोन हजार वर्षांहून जुना आहे. यास्काचार्यांच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथात, कौत्स नावाचा एक पंडित येतो आणि सरळ सांगतो, 'अनर्थका हि मन्त्राः'. मंत्रांना अर्थ नसतो! हे बोलणारा कोणी नास्तिक परका नाही, परंपरेतलाच माणूस आहे. त्याचे मुद्देही मजेदार आहेत. मंत्रातले शब्द बदलता येत नाहीत, त्यांचा क्रमही हलवता येत नाही. अर्थ महत्त्वाचा असता तर दुसरा शब्द का चालला नसता? शिवाय मंत्र भलतंच काही बोलतात. वनस्पतीला सांगतात, याचं रक्षण कर. कुऱ्हाडीला सांगतात, याला इजा करू नकोस. एका ठिकाणी म्हणतात रुद्र एकच आहे, दुसरा नाही. आणि दुसऱ्या ठिकाणी म्हणतात पृथ्वीवर हजारो, असंख्य रुद्र आहेत.

यास्कांनी हे मुद्दे खोडून काढले. ठरलेला क्रम रोजच्या बोलण्यातही असतोच, ते म्हणाले. आपणही 'आई-वडील' म्हणतो, 'वडील-आई' म्हणत नाही. म्हणून त्याला काही अर्थ नाही असं थोडंच होतं? आणि मग त्यांनी जरा चिडूनच लिहिलं आहे, की आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे. पुढे तर वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याला त्यांनी नुसता ओझं वाहणारा खांबच म्हटलं आहे. पाठांतराचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या परंपरेत हे लिहून ठेवलेलं आहे, हे मला फार मोठं वाटतं.

तर आता त्या पळवलेल्या ओळीकडे येऊ. सातबाऱ्यावर शेत कोणाचं, किती, कोणत्या गटात हे जसं आधी येतं, तसा हा मंत्राचा उतारा आहे. ऋषी बुधकौशिक, म्हणजे हे ज्यांच्याकडून आलं ते. देवता श्रीसीतारामचंद्र, नुसता राम नाही, सीतेसकट. छंद अनुष्टुप, म्हणजे आठ आठ अक्षरांचे चार चरण. शक्ती सीता. कीलक हनुमान; कीलक म्हणजे खुंटी, जिच्यावर सगळं पक्कं राहतं. आणि शेवटी विनियोग, हे कशासाठी म्हणायचं? 'श्रीरामचंद्रप्रीत्यर्थे'. परीक्षेसाठी नाही, बदली रद्द व्हावी म्हणून नाही. पुढे फलश्रुतीत पुष्कळ फळं सांगितली आहेत, नाही असं नाही. पण तोंडानं आधी कबूल करून बसतो ते हे.

बुधकौशिकांबद्दल स्तोत्रातच एक श्लोक आहे. शंकरांनी स्वप्नात रामरक्षा सांगितली, आणि सकाळी जाग आल्यावर बुधकौशिकांनी ती तशीच लिहून काढली. रामाचं स्तोत्र आणि सांगणारा शिव. हरिहराच्या वादावर इतकं शांत उत्तर दुसरं नसेल.

आता कवचाचा भाग. 'शिरो मे राघवः पातु' पासून 'पादौ विभीषणश्रीदः' पर्यंत साडेपाच श्लोक. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक असं करत पायापर्यंत एकेक अवयव रामाच्या एकेका नावाच्या हवाली करायचा. ही नावं नुसती रचून ठेवलेली नाहीत. नीट ऐका. कपाळाला दशरथाचा मुलगा, डोळ्यांना कौसल्येचा. कानांना 'विश्वामित्रप्रियः'. विश्वामित्रांनी रामाला बला आणि अतिबला या विद्या दिल्या, आणि विद्या त्या काळी कानांनीच घेतली जायची. नाकाला 'मखत्राता', यज्ञाचं रक्षण करणारा. यज्ञाचा धूर आधी नाकालाच कळतो. हे मी लावलेले अर्थ आहेत, पटले तर घ्या. दंडांना शिवधनुष्य मोडणारा. लगेच हातांना सीतापती, म्हणजे पाणिग्रहण आलं. त्यानंतर हृदयाला परशुरामाला जिंकणारा. लग्नाहून परतताना वाटेत परशुराम भेटतात, तोच क्रम. मग खर राक्षसाचा नाश करणारा, जांबवंताचा आश्रय, सुग्रीवाचा स्वामी, हनुमंताचा प्रभू, गुडघ्यांना सेतू बांधणारा, पोटऱ्यांना रावणाचा अंत करणारा, आणि पावलांना बिभीषणाला राज्य देणारा. क्रम मधे थोडा इकडेतिकडे होतो, पण अयोध्येपासून लंकेपर्यंतचं रामायण आपल्या अंगावरून डोक्यापासून पायापर्यंत उतरतं.

हे एकदा कळलं की रामरक्षा पळवता येत नाही. 'जानुनी सेतुकृत् पातु' म्हणताना, गुडघे दुखत असतील तर, आपोआप तिथं हात जातो. रामटेकचा गड पायऱ्यांनी चढताना म्हणून बघा.

पण दुसरी बाजूही मांडायला हवी, नाहीतर कौत्सावर अन्याय होईल. प्रत्येक मंत्राला असा उलगडून दाखवण्यासारखा अर्थ नसतो. टेकडीच्या गणपतीला संकष्टीच्या गर्दीत उभे राहा, अथर्वशीर्ष कानावर पडेल. त्यात 'गं' हे बीज, म्हणजे एका अक्षराचा मंत्र, आहे. कोशात पाहिलं तर हाती काही लागणार नाही. पण गंमत अशी की अथर्वशीर्ष स्वतःच ते बीज तयार कसं करायचं ते सांगतं: आधी 'गण'मधलं पहिलं अक्षर, मग वर्णमालेचं पहिलं, मग अनुस्वार, आणि हे सगळं ओंकारानं वेढलेलं. 'गकारः पूर्वरूपम्, अकारो मध्यमरूपम्' हे आपण शेकडो वेळा म्हणतो ते म्हणजे मंत्राची कृती आहे. त्याच अथर्वशीर्षात 'अव वक्तारम्, अव श्रोतारम्' असंही आहे, बोलणाऱ्याला सांभाळ, ऐकणाऱ्याला सांभाळ. आकाशवाणीवर बोलायला बसलेल्या माणसाला ते विशेष आवडतं.

आणि आपल्या विदर्भात 'गण गण गणात बोते' कोणाला माहीत नाही? शेगावच्या दर्शनबारीत उभ्या असलेल्या चौघांना अर्थ विचारा, चार उत्तरं मिळतील. पण कोणाचं म्हणणं थांबत नाही. गजानन महाराज ते म्हणत, एवढं त्यांना पुरतं. माझ्या मते तोही अर्थच आहे. तो शब्दांतून येत नाही, म्हणणाऱ्यावरच्या विश्वासातून येतो.

मग जपात अर्थाचं काम काय? पतंजलींचं योगसूत्र आहे, पहिल्या पादातलं 28वं: 'तज्जपस्तदर्थभावनम्'. आधीच्या सूत्रात प्रणव, म्हणजे ओंकार, हे ईश्वराचं वाचक आहे असं सांगितलं, आणि इथं त्याचा जप आणि त्याच्या अर्थाचं भावन या दोन गोष्टी एकाच सूत्रात बांधल्या. 'आधी अर्थ शिका, मग जप करा' असं ते म्हणत नाहीत. 'जप करा, अर्थाचं काय ते नंतर बघू' असंही म्हणत नाहीत. म्हणत म्हणत मन त्यात मुरवायचं.

अर्थ कळण्यावर इथं पहाराही होता, हे विसरून चालणार नाही. मुंजीत मुलाच्या कानात गायत्री सांगायची. बहिणीनं ती ऐकायची नाही, आणि गावातल्या कितीतरी जातींनी तर तिच्या जवळपासही जायचं नाही. त्या गायत्रीत मागणं आहे ते 'नः' असं, आमच्या सगळ्यांच्या बुद्धीला चालना मिळो. आणि मिळणार मोजक्यांना! या पहाऱ्याला उत्तर मराठीतूनच आलं. महानुभाव पंथाचे नागदेवाचार्य संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्याला म्हणाले होते, तुमचं अस्मात् कस्मात् मला कळत नाही, चक्रधरांनी मला मराठीत सांगितलं आहे, त्यातच विचारा. वारकऱ्यांनी नाम घेतलं, त्याला ना मुंज लागली ना पंडित.

आता मोजणीबद्दल थोडं. सीताबर्डीच्या बाजारात हल्ली बोटात घालायचं, कळ दाबली की आकडा पुढे जाणारं यंत्र मिळतं. 108 मण्यांची माळ, मधला मेरुमणी न ओलांडता उलटं फिरायचं, यांची सवय असलेल्या हातांना ते परकं वाटतं, पण बसमध्ये सोयीचं आहे, वापरा. समर्थ रामदासांनी टाकळीला त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते, म्हणजे मोजणीला मान आहेच. ज्ञानदेव मात्र हरिपाठात म्हणून गेले, 'पुण्याची गणना कोण करी'. व्हॉट्सॲपवर अमुक मंत्र अमुक वेळा म्हणा म्हणजे रक्तदाब उतरतो, असं येतं ना, त्याच्याशी या दोघांचाही संबंध नाही. गोळ्या चालू ठेवा.

एक सोपी सुरुवात सांगतो. आपण सगळे जे जपतो, 'गणपतये नमः', 'नमः शिवाय', 'नमो भगवते वासुदेवाय', यांत देवाचं नाव नेहमी चतुर्थी विभक्तीत असतं, कारण संस्कृतात 'नमः'ला चतुर्थी लागते. मागणं काही नाही, फक्त त्याला नमस्कार. रामरक्षेच्या शेवटाकडे 'रामो राजमणिः सदा विजयते' हा श्लोक आहे. त्यात रामाच्या आठही विभक्त्या ओळीनं येतात. सुरुवातीला राम दूर उभा, 'तो विजयी होतो', आणि शेवटी थेट 'भो राम', अरे रामा, मला वर काढ. घरात आठवीचं संस्कृत शिकणारं पोर असेल तर आज त्याच्याकडून त्या विभक्त्या ओळखून घ्या. 'रामान्नास्ति'मधली पंचमी संधीत लपलेली आहे, तिथं बहुतेक जण अडकतात.

नमस्कार.